शौर्य खाते जमा

तलवारीशी माझा प्रत्यक्ष संबंध फार तर लग्नात आला असता. पण आमच्याकडे नवरदेवाच्या हाती कट्यार देत नाहीत, नारळ देतात. पुढे बँकेत लागलो. तिथे पाकिटं फोडायला एक पितळी पट्टी मिळते. तिने लोणीसुद्धा नीट कापलं जाणार नाही. एवढ्या शस्त्रसामग्रीवर तलवारबाजीतल्या नीती-अनीतीबद्दल लिहायला बसणं हे धाडसच म्हणायचं. परंतु विहिरीच्या काठावर उभं राहून ‘पाय मार, पाय मार’ असं ओरडणाऱ्यांत पोहता येणारे असे कितीसे असतात? मी काठावरचा माणूस आहे. आणि काठावरून मी गेली तीस वर्षं तलवारी पाहत आलो आहे.

सुरुवात झाली १९९४ साली, दूरदर्शनवरच्या ‘चंद्रकांता’पासून. देवकीनंदन खत्रींची मूळ कादंबरी १८८८ सालची. ती वाचता यावी म्हणून त्या काळी कित्येक लोक हिंदी शिकले असं सांगतात. आम्ही मालिका बघता यावी म्हणून रविवारची आंघोळ लवकर उरकायला शिकलो. पुढे मोठेपणी पुस्तक हाती घेतलं तर काय, त्यात तलवारीपेक्षा बेशुद्धीची पूडच जास्त चालते! ऐयार नावाची जी हेर मंडळी, ती वेष पालटतात, शत्रूला पूड हुंगवतात, त्याचं गाठोडं बांधतात, पाठीवर टाकतात आणि चालू लागतात. ऐयाराने ऐयाराला जिवे मारायचं नाही, फक्त कैद करायचं, असा त्यांचा रिवाजही आहे. पण गाठोडं बांधणाऱ्या माणसाकडे प्रेक्षकाने किती वेळ बघावं? ते तर प्रत्येक घरात परीट येई त्या काळी दर आठवड्याला दिसायचंच. म्हणून पडद्यावर तलवारी वाढल्या. क्रूरसिंगाच्या भुवया तर जन्मतःच म्यानाबाहेर होत्या.

तेव्हापासून अद्भुतरम्य कादंबऱ्यांवरच्या मालिका, देशी असोत की विलायती, मी सोडलेल्या नाहीत. राज्यं वेगळी, राक्षस वेगळे, पण तलवारीचे कायदे सगळीकडे तेच. कायदा पहिला : तलवार उपसली की ‘शिंऽऽग’ असा आवाज आलाच पाहिजे. वास्तविक म्यान लाकडाचं, वरून चामडं मढवलेलं. त्यातून लोखंड काढताना असा आवाज यायचं काही कारण नाही. तो मागाहून ध्वनिमुद्रणाच्या खोलीत चिकटवतात. कायदा दुसरा : चिलखत पापडाचं असतं. खऱ्या पोलादी पत्र्याच्या चिलखतावर तलवारीचा वार नुसता घसरायचा. मध्ययुगातले योद्धे काखेत, कोपराशी, गळ्याशी फट शोधून टोक खुपसायचे. पडद्यावर मात्र आडवा हात मारला की चिलखतासकट माणूस आडवा. कायदा तिसरा, आणि हा सर्वांत महत्त्वाचा : नायक मध्ये, भोवती आठ शत्रू, आणि ते आठहीजण एकेक करून पुढे येतात. बाकीचे सात तोपर्यंत तलवारी हलवत जागच्या जागी पावलं टाकत राहतात. पेन्शनच्या दिवशी आमच्या काउंटरसमोर दोऱ्या बांधून, पाट्या लावून जी शिस्त आम्हांला आणता येत नाही, ती हे दरोडेखोर पाळतात.

आपण हसतो. पण एखादा शत्रू ही रांग मोडून मागून आला आणि त्याने नायकाच्या पाठीत खंजीर खुपसला, की आपलं हसू जातं नि आपण म्हणतो, ‘हलकट!’ आता मौज बघा. समोरून भोसकणारा शूर आणि मागून भोसकणारा हलकट. भोसकला गेलेला इसम दोन्हीकडून सारखाच मरतो. मग समोर आणि मागे यांत नीतीचा असा काय फरक आहे? पाठीला पोटापेक्षा जास्त अब्रू असते की काय?

हा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला तो ‘गेम ऑफ थ्रोन्स’मुळे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवरची ही मालिका २०११ ते २०१९ अशी चालली. मला ती चिरंजीवांनी दाखवली, कॉलेजला सुट्टी लागल्यावर, त्यांच्या लॅपटॉपवर. ही बापाशेजारी बसून बघायची मालिका नव्हे, हे पंधराव्या मिनिटाला दोघांनाही कळून चुकलं. पण आधी उठायचं कोणी? त्यामुळे पडद्यावर तलवारी निघाल्या की मला हायसं वाटे. तलवार चालू आहे तोवर निदान सगळ्यांच्या अंगावर कपडे असत.

पहिल्याच वर्षीचा एक प्रसंग. टिरियन नावाच्या बुटक्या सरदारावर खुनाचा खोटा आळ आलेला आहे आणि निवाडा द्वंद्वाने व्हायचा आहे. म्हणजे दोन्हीकडून एकेक माणूस लढणार; जो जिंकेल त्याच्या बाजूने देवाचा कौल. फिर्यादी बाईंच्या वतीने उभा राहतो सर वार्डिस. चिलखत, ढाल, रीतभात, सगळं जिथल्या तिथे. टिरियनच्या बाजूने उभा राहतो ब्रॉन नावाचा भाडोत्री. हा ढाल घेत नाही, चिलखत घालत नाही, समोरही उभा राहत नाही. खांबांआडून, पायऱ्यांवरून नुसता पळतो. वार्डिसला त्या पोलादाच्या ओझ्याखाली दमवतो आणि पुरता दमला की मारतो. बाई चिडून म्हणतात की तू काही इभ्रतीने लढला नाहीस. ब्रॉन हे लगेच कबूल करतो आणि ज्या भोकातून वार्डिसला खाली लोटलं तिकडे बोट दाखवून सांगतो, की इभ्रतीने तो लढला.

चिरंजीवांनी टाळी वाजवली. “बघा बाबा! नियम पाळणारा मेला.”

“अरे, पण असं पळून जिंकणं म्हणजे—”

“टिरियन निर्दोष होता ना? मग निकाल बरोबर लागला ना? नियमाने लढणारा जिंकला असता तर निर्दोष माणूस मेला असता. मग नियम काय कामाचे?”

कॉमर्सच्या पदवीधराला निरुत्तर करणं सोपं असतं. पण मुलाने केलं की जास्त लागतं. मुद्दा खराच होता. वार्डिस सचोटीने लढला तो खोट्याच्या बाजूने, आणि ब्रॉन पळपुटेपणाने लढला तो खऱ्याच्या बाजूने. देवाने कौल दिला तो बरोबर दिला, पण फार वाईट अक्षरात लिहून दिला.

उत्तराची पुढची ओळ मला त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका झुंजीत मिळाली. नेड स्टार्क हा कथेतला सज्जन माणूस. जेमी लॅनिस्टर हा राजाचा अंगरक्षक असून राजालाच मारलेला. पहिल्याच भागात त्याने नेडच्या लहान मुलाला, ब्रॅनला, मनोऱ्याच्या खिडकीतून खाली ढकललेलं आहे. हे दोघे रस्त्यात एकमेकांसमोर येतात. कादंबरीत इथे द्वंद्व नाहीच. घोडा अंगावर पडून नेडचा पाय मोडतो. पण मालिकावाल्यांना घोडा पाडण्यात रस नसावा. त्यांनी दोघांच्या हाती तलवारी दिल्या. झुंज रंगात येते, आणि एवढ्यात जेमीचाच एक शिपाई मागून येऊन नेडच्या पायात भाला खुपसतो. नेड कोसळतो. जेमीला आता फक्त हात वर करून खाली आणायचा आहे. पण तो काय करतो? चिडून त्या शिपायालाच ठोसा मारतो आणि नेडला तसाच सोडून निघून जातो.

मी चाट पडलो. ज्या माणसाला पोराला खिडकीतून ढकलताना काही वाटलं नाही, त्याला मागून मारलेल्या भाल्याचा एवढा राग? हा कुठला धर्मात्मा? विचार करता करता ध्यानात आलं. जेमीला राग आला तो नेडला लागलं म्हणून नव्हे. आपण न कमावलेली रक्कम कोणीतरी आपल्या खात्यात जमा केली, म्हणून! बाकी त्याची सगळी वही काळी असेल, पण ‘तलवार’ या एका खात्यात त्याला खोटी जमा नको आहे. बँकेत असे खातेदार फार थोडे भेटतात. चुकून शंभर रुपये जास्त गेले तर परत आणून देणारे भेटतात. चुकून वाहवा जास्त गेली तर परत आणून देणारा मला अजून भेटायचा आहे.

आणि आता खरा मासला. २०१६ सालच्या सहाव्या पर्वात तो खिडकीतून पडून पांगळा झालेला ब्रॅन मंत्रशक्तीने भूतकाळ प्रत्यक्ष पाहतो. काय पाहतो? आपल्या बापाची, तरुण नेडची, एका मनोऱ्याखालची लढाई. समोर राज्यातला सर्वश्रेष्ठ योद्धा आर्थर डेन. पुस्तकात ही लढाई सात विरुद्ध तीन अशी आहे. पडद्यावर नोकरकपात होऊन राजरक्षक दोनच उरले, पण डेनच्या दोन्ही हातांत तलवारी देऊन काम भागवलेलं आहे. नेडचे साथीदार एकामागून एक पडतात. शेवटी नेड एकटा उरतो आणि त्याचीही तलवार हातातून उडते. आता संपलं. तेवढ्यात जखमी होऊन पडलेला हाऊलंड रीड नावाचा साथीदार उठतो आणि मागून डेनच्या मानेत खंजीर घालतो. मग नेड पुढे होऊन काम पुरं करतो.

ब्रॅनचा चेहरा बघण्यासारखा होतो. घरी बाबांनी सांगितलं होतं की डेनला आपण हरवलं. लहानपणापासून तो हीच गोष्ट ऐकत आलेला.

इथे मालिकावाल्यांनी एक हातचलाखी केली आहे, ती पुस्तक वाचलेल्यांनाच कळते. मूळ कादंबरीत नेडने मुलापाशी खरं सांगून टाकलेलं आहे. डेन हा आपण पाहिलेला सर्वांत थोर योद्धा, हाऊलंड रीड नसता तर आपण त्याच्या हातून मेलो असतो, असं तो सांगतो आणि मग खिन्न होऊन गप्प बसतो. म्हणजे मूळ वहीत नोंद होती. पडद्यावर आणताना ती खोडली, कारण मुलाचा भ्रमनिरास दाखवायचा तर आधी बापाने भ्रम पुरवलेला हवा. कादंबरीकाराला माणसाच्या मनात शिरता येतं. कॅमेऱ्याला बिचाऱ्याला पाठीमागे जाऊन उभं राहावं लागतं. पण पाठीमागे उभं राहिल्यावर काय काय दिसतं, याचं प्रत्यंतर मला आमच्याच घरात मिळालेलं आहे.

आमच्या आजोबांनी गावच्या घरी दोन चोरांना एकट्याने काठीने लोळवलं होतं. ही गोष्ट मी आजोबांच्या तोंडून किमान पन्नास वेळा ऐकली. काठी कशी फिरवली, पहिला कसा उंबऱ्याशी पडला, दुसरा कसा ‘मेलो मेलो’ करीत कुडावरून गेला, हे ते पाटावर बसल्या बसल्या करून दाखवीत. आजोबा गेले. त्यांच्या वर्षश्राद्धाला सगळे जमले असताना मी तीच गोष्ट लहान मुलांना सांगू लागलो, तर आत्या हसायला लागली. म्हणाली, “अरे, पहिला पडला तो आईने मागून मुसळ घातलं म्हणून! दादांची काठी तर आढ्याला अडकली होती.”

मी आजीकडे गेलो. ती सुपात तांदूळ निवडत होती.

“आजी, तू मुसळ मारलंस?”

“मारलं.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“ह्यांना सांगताना इतका हुरूप यायचा,” आजी म्हणाली, “आणि मी मुसळाचं सांगत बसले असते, तर ऐकायला आलेल्यांचा चहा कोणी केला असता?”

वाचकहो, इथे माझ्या डोक्यातल्या तलवारीने एकदाची म्यान सोडली. आजीने मागून मुसळ घातलं यात काही गैर होतं का? मुळीच नाही. चोर काही दारावर टकटक करून, आव्हान देऊन आलेले नव्हते. हाऊलंड रीडने मित्राचा जीव जाताना पाहिला आणि हाताशी होता तो खंजीर चालवला. यातही मला गैर वाटत नाही. आणि वाटायचंच असेल तर सहाजणांनी दोघांवर चालून जाणं आधी वाटायला हवं; त्या वेळी तर आपण पॉपकॉर्न खात होतो. तेव्हा पाठ आणि पोट हा प्रश्नच नव्हे. गैर आहे ते पुढे. मुसळ आजीचं आणि शौर्य आजोबांच्या खाती जमा. खंजीर रीडचा आणि विजय नेडच्या खाती जमा. मारण्यात नव्हे, नोंदीत घोटाळा आहे.

आम्हां कॉमर्सवाल्यांना हे अकरावीतच शिकवतात. प्रत्येक जमेला कुठेतरी नावे असलंच पाहिजे. एकाच्या खाती आलं ते कोणाच्या तरी खात्यातून गेलेलं असतं. लुका पाचोली नावाच्या धर्मगुरूने ही दुहेरी नोंदीची पद्धत १४९४ साली व्हेनिसला छापलेल्या पुस्तकात मांडली. म्हणजे लोक कमरेला खऱ्या तलवारी लावून हिंडत होते, त्याच काळात. तलवारवाल्यांनी ते पुस्तक वाचलं नाही, एवढंच.

या हिशेबाने ब्रॉनकडे पुन्हा बघा. तो पळाला, पण ‘मी पळालो नाही’ असं म्हणाला नाही. इभ्रत मागितलीच नाही; मजुरी मागितली. तो सज्जन नव्हे, पण त्याची वही चोख आहे.

चिरंजीवांना मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पण बाबा, नेडने दुसरी पण एक खोटी नोंद केली होती, ती विसरलात.”

ती अशी. लढाई संपल्यावर नेड मनोऱ्यात जातो, तिथे त्याची बहीण बाळंत होऊन मरणाच्या दारी आहे. तिचं बाळ कोणाचं हे कळलं तर राजा त्या बाळाला मारील. नेड ते बाळ घरी आणतो आणि जगाला सांगतो, हे माझंच, बाहेरच्या बाईपासून झालेलं. बायको आयुष्यभर मनातून जळते, गाव कुजबुजतं, पण हा तोंड उघडत नाही. जी बदनामी त्याची नव्हती ती त्याने आपल्या नावे लिहून घेतली आणि मरेपर्यंत फेडली.

म्हणजे एका दुपारी एकाच मनोऱ्यात दोन खोट्या नोंदी. एक न कमावलेल्या कीर्तीची, जमेकडे. दुसरी न केलेल्या पापाची, नावेकडे. आमच्याकडे याला ‘कॉम्पेन्सेटिंग एरर’ म्हणतात. एक चूक दुसरीला झाकते, दोन्ही बाजूंची बेरीज सारखी येते, साहेब सही करतात, सगळे घरी जातात. पण ताळा जमला म्हणजे वही बरोबर असते असं नाही. नेडने एका लेकराला वाचवलं म्हणून हाऊलंड रीडची बाकी चुकती होत नाही. ती वेगळ्या इसमाची आहे. पुण्य एकीकडे भरून दुसरीकडची उधारी मिटत नाही, हे आम्ही कर्जदारांना रोज सांगतो. आमचे एक खातेदार दरवर्षी वारीला जातात आणि हप्ता मात्र भरत नाहीत. त्यांना ते अजून पटलेलं नाही.

नुसता नावेचाच बाजू असलेला मासला पाहायचा तर ‘द विचर’च्या २०१९ सालच्या पहिल्या भागात पाहावा. पोलिश लेखक आंद्रेय सापकोव्स्की यांच्या कथांवरून ही मालिका काढली. पैसे घेऊन राक्षस मारणारा गेराल्ट ब्लाविकेन गावच्या बाजारात माणसांशी लढतो. लढाई अशी चपळ, की तिसरा कायदासुद्धा आपण विसरतो. गावावर येणारं संकट तो टाळतो, पण गावकऱ्यांना दिसतात ती फक्त प्रेतं. ते त्याला दगड मारून हाकलतात आणि त्याचं नाव पडतं ‘ब्लाविकेनचा खाटीक’. तो खुलासा करीत नाही. आजीसारखाच. फरक इतकाच, की आजीला चहा करावा लागला.

आपल्याकडे हा हिशेब सर्वांत चोख कोणी ठेवला असेल तर व्यासांनी. भीमाने दुर्योधनाच्या मांडीवर गदा मारली, ते लिहिलं. अर्जुनाने शिखंडीला पुढे घालून भीष्मांवर बाण सोडले, ते लिहिलं. धर्मराजाने द्रोणाचार्यांच्या कानी जाऊ नये एवढ्या हळू आवाजात वाक्याचा उरलेला तुकडा म्हटला. तो तुकडासुद्धा लिहून ठेवला आणि त्याचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली आला हेही. जिंकलेल्या बाजूच्या वहीत जिंकलेल्यांच्याच नावे इतक्या रकमा! पांडव जिंकले याची लाज वाटत नाही ती त्यामुळेच. नोंद आहे. ज्याला तपासायची त्याने तपासावी.

तेव्हा हल्ली पडद्यावर तलवारी निघाल्या, की मी नायकाकडे फारसा बघत नाही. मागे कोण आहे ते बघतो. घोडा कोणी धरलाय, ढाल कोणी पुढे केली, मुसळ कोणाच्या हातात आहे. आणि विशेषतः ते सातजण बघतो, पाळी येईपर्यंत इमानाने थांबलेले. नायकाच्या शौर्यात त्यांचा वाटा केवढा आहे याचा कधी विचार केलाय? ते सातही एकदम धावून आले असते तर मालिका पहिल्याच भागात आटोपली असती. रोज सकाळी उठून चिलखत चढवायचं, तलवार हलवत थांबायचं, आणि आपला क्रमांक आला की एका वारात पडायचं. काउंटरवर पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला त्यांच्याबद्दल जिव्हाळा वाटणारच.

त्यांची नावं भाग संपल्यावर बारीक अक्षरांत वर सरकत जातात. निदान जायची. आता ती जेमतेम सुरू होतात तोच पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन येतो, पुढचा भाग पाच सेकंदांत सुरू होईल म्हणून. चिरंजीवांचं बोट तेवढी पाच सेकंदंही थांबत नाही.

“थांब रे,” मी म्हणतो, “नावं वाचू दे.”

“कोणाची?”

“मेलेल्यांची.”

तो माझ्याकडे बघतो, उसासा टाकतो आणि थांबतो. मी चष्मा कपाळावरून खाली घेतो आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो.